कुरुंद, साण आणि फिरती चकती

नागपूर-अमरावती हमरस्त्यावरील तळेगांव (श्यामजी पंत) येथें, किंवा रस्त्याकांठच्या अशा कोणत्याहि गांवीं, लोखंडी फाटकें-खिडक्या करणाऱ्या दुकानापुढें क्षणभर थांबलें, कीं कर्णकर्कश आवाज आणि ठिणग्यांचा फवारा यांवरून एका यंत्राची ओळख पटते. कारागीर त्यास ग्राइंडर म्हणतात. यंत्र परदेशांतलें खरें. पण त्याच्या चकतीची वंशावळ शोधूं गेल्यास ती आपल्याच देशांत येऊन पोहोंचते.

इंग्रजींतील 'कोरंडम' हा शब्द तमिळ 'कुरुंदम्' वरून गेला. संस्कृतांत तो कुरुविंद, मराठींत कुरुंद. माणिक आणि नीलम हीं याच खनिजाचीं रूपें. भंडारा जिल्ह्यांत पोहरा येथें तो सांपडतो. जुने शिकलगार कुरुंदाची भुकटी वितळलेल्या लाखेंत कालवून साणेचें चाक घडवीत. एकानें पट्टा ओढावा, दुसऱ्यानें पातें धरावें, असा तो उद्योग. चाक तापलें कीं लाख मऊ पडे, म्हणून घाई करण्याची सोयच नव्हती. माणसाच्या हाताचा वेग हीच त्या चाकाची मर्यादा होती, आणि हेंच त्याचें संरक्षणहि होतें.

1891 सालीं अमेरिकेंत एडवर्ड अ‍ॅचेसन हा गृहस्थ कृत्रिम हिरा करण्याच्या नादांत होता. माती आणि कोक यांच्या मिश्रणांतून त्यानें विजेचा प्रवाह सोडला. हिरा मिळाला नाहीं; अत्यंत कठीण असे चकचकीत स्फटिक मिळाले. कार्बन आणि कोरंडम यांचा हा संयोग असावा असें समजून त्यानें 'कार्बोरंडम' हें नांव ठेविलें. वस्तुतः तें सिलिकॉन व कार्बन यांचें संयुग! समजूत चुकली, पण त्या चुकीमुळें आपला कुरुंद जगभर बाजारपेठेंत बोलला जाऊं लागला. पुढें 1941 सालीं मुंबईजवळ उरणच्या मोरा येथें ग्राइंडवेलचा कारखाना निघाला. अशीं चाकें करणारा तो भारतांतील पहिला कारखाना मानला जातो.

लाखेची जागा कृत्रिम राळेनें घेतली, तींत कांचतंतूंची जाळी आली, आणि पातळ चकतीहि प्रचंड वेग सोसूं लागली. 1954 सालीं जर्मनींत फ्लेक्स कंपनीनें शीघ्रगति कोनी ग्राइंडर काढला; तेथें आजहि लोक या यंत्रास 'फ्लेक्स' असेंच म्हणतात. मोटरीचा दांडा आणि चकतीचा दांडा यांत काटकोन असतो, यावरून 'कोनी'.

आतां थोडें गणित. 4 इंची चकती मिनिटास 11,000 फेरे घेते, तेव्हां तिच्या कडेचा वेग ताशीं सुमारें 207 किलोमीटर होतो. 7 इंची चकतीवर 8,600 फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. गार्ड काढून, कडी घालून तीच चकती या लहान यंत्रास बसविली, तर कडेचा वेग 370 वर जातो आणि चकतीवरील ताण मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होतो. ती फुटली तर तुकडा कोणाकडे जाईल, हें सांगतां येत नाहीं. म्हणून गार्ड कारागिराच्या अंगाकडे, डोळ्यांवर चष्मा, यंत्र दोन्ही हातांत, आणि अंगावर लोंबता पंचा नको. कापण्याच्या पातळ चकतीच्या बाजूनें घांसूं नये. जोर देऊन काम लवकर होत नाहीं. चकती तेवढी अडकते आणि यंत्र उसळतें. वऱ्हाडांत कापसाचा ढीग जवळ असेल, तर ठिणगीची दिशा आधीं पाहावी.

1948 च्या कारखाने कायद्यांत, प्रत्येक घर्षणयंत्राजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची सूचना लाविलीच पाहिजे, असें कलम होतें. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्यास तो कायदा सामान्यतः 10 कामगार असतील तरच लागू होई. रस्त्याकांठच्या दुकानांत तर मालक, एक कारागीर आणि हाताखालीं एक पोरगा, एवढींच माणसें.