आपली सहल आणि कान्हेरीचा डोंगर

सोसायटीच्या सहलीचा विषय निघाला की दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "पुन्हा नॅशनल पार्कच?" पंचवीस वर्षांत माथेरान झालं, अलिबाग झालं, पण डबे बांधून सगळ्या कुटुंबांनी मिळून जायचं तर बोरिवलीचा हा डोंगरच सोयीचा पडतो. रिक्षाचं भाडं मोजकं, आजी-आजोबांना झेपेल असं, आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला घरी. पण हा डोंगर नुसता सोयीचा नाही, आणि आपण काही तिथले पहिले सहलकरी नाही.

'कृष्णगिरी' किंवा 'कान्हगिरी' यावरून कान्हेरी. इथे शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या आगेमागे खोदकामाला सुरुवात झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. पैसा आला तो सोपारा, कल्याण, चेऊल या बंदरांतल्या व्यापाऱ्यांकडून. लेणे क्रमांक ३ म्हणजे मोठा चैत्य. त्याच्या शिलालेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव आहे, खर्च करणाऱ्या व्यापारी भावांची नावं आहेत, कामावर देखरेख करणारे भिक्षू आहेत, शिवाय दगड घडवणारे आणि घासून गुळगुळीत करणारे कारागीरसुद्धा आहेत. आपल्या बिल्डिंगच्या कोनशिलेवर मात्र गवंड्याचं नाव नाही, हे जाता जाता लक्षात आलं! त्या चैत्यात चौतीस खांब आहेत आणि नक्षी सगळ्यांवर नाही. काम अर्धवट राहिलं. ज्यांनी बिल्डरकडून ताबा घेतलाय त्यांना याची गंमत अधिक कळेल.

इथल्या लेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. म्हणजे अशी ठेव की मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून भिक्षूंना वस्त्रं वगैरे द्यायची. आपल्या खजिनदारांनी हा शब्द सिंकिंग फंडासाठी वापरायला हरकत नाही. पाण्याची व्यवस्था तर उभं राहून बघण्यासारखी आहे. विहारांच्या बाजूला पोढ्या, म्हणजे कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या, आणि उतारावरचं पावसाचं पाणी त्यांत आणून सोडणाऱ्या बारीक पन्हळी. रेनवॉटर हार्वेस्टिंगसाठी आपण तीन सभा घेतल्या, ते काम इथे छिन्नीने करून ठेवलेलं आहे.

भिक्षू गेले, पण माणसांचं येणं थांबलं नाही. लेणे क्रमांक ९० मध्ये पहलवी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ सालचे. काही पारशी मंडळी इथे आली, त्यांनी लेणी पाहिली आणि आपली व वडिलांची नावं, तारखेसकट, भिंतीवर कोरून ठेवली. आज असं केलं तर पुरातत्त्व खातं गुन्हा दाखल करील, पण हजार वर्षांनी तोच इतिहासाचा पुरावा झाला. पुढे पोर्तुगीज आले. १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, तिच्या स्थानकांच्या यादीत आपलं बोरिवली 'बेरेवला' या नावाने आहे. गाडी आल्यावर शहरातल्या माणसांना कान्हेरी एका दिवसात जाऊन येण्याजोगी झाली.

त्याच डोंगरात इंग्रजांनी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले. शहराला पाणी हवं म्हणून भोवतालचं जंगल राखलं गेलं, हे आपण विसरतो. पुढे कृष्णगिरी उपवन, मग बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. आपल्या मुलांसाठी त्याचा अर्थ 'वनराणी' एवढाच होता. २०२१ च्या तौक्ते वादळात त्या छोट्या गाडीचे रूळ गेले आणि ती बंद पडली, तेव्हा आता कॉलेजात असलेली पोरंसुद्धा हळहळली.

एक प्रकरण मात्र सहलीत कोणी सांगत नाही. मे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १९९५ पूर्वीच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनी सात हजार रुपये भरायचे आणि पर्यायी जागा घ्यायची, असं ठरलं. त्यातले बरेच जण पुढे चांदिवलीच्या संघर्षनगरात गेले. जंगल वाचलं, यात शंका नाही. पण उद्यानाची रेषा आखण्याआधीपासून पाड्यांवर राहणाऱ्या वारल्यांनाही त्याच मापाने मोजलं गेलं, हे मला पटत नाही. लेण्यांच्या वाटेवर काकडी आणि करवंदं विकणाऱ्या मावशींकडे आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो, त्या याच पाड्यांतल्या. कुंपणाच्या अलीकडे आपण 'सभासद', पलीकडे त्या 'अतिक्रमक', आणि डोंगराचा उतार मात्र एकच.

बिबट्यांचंही तसंच. २००४ च्या आसपास हल्ल्यांत कितीतरी माणसं गेली. दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडल्याने प्रश्न चिघळला, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. पिंजरे लावून प्रश्न सुटत नाही. कचरा उघड्यावर पडला की कुत्री जमतात, कुत्री जमली की बिबट्या येतो, इतका हा सरळ हिशोब आहे. मागच्या भिंतीलगतचा कचरा बंद डब्यांत ठेवण्याचा ठराव येत्या वार्षिक सभेत पुन्हा येणार आहे, गेल्या खेपेला तो चार मतांनी पडला होता. सभा रविवारी सकाळी दहाला आहे. सहल त्याच्या पुढच्या रविवारी, कारण सोमवारी उद्यान बंद असतं.