सार्वजनिक धोरण शिक्षणातील अर्थशास्त्र व संख्याशास्त्र

सार्वजनिक धोरणाच्या विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र व संख्याशास्त्र हे पायाभूत विषय म्हणून शिकवले जातात. शासकीय निर्णयाचा लाभ व भार कोणाच्या वाट्याला येतो, हे अर्थशास्त्रावरून कळते. निर्णयाच्या समर्थनार्थ दिलेली आकडेवारी संख्याशास्त्राच्या आधारे पारखता येते. धोरणाची चिकित्सा करू शकणारे प्रशासक व अभ्यासक घडवणे, हा या अध्यापनाचा हेतू असतो.

महाराष्ट्रातील परंपरा

पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीवर भर दिला. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रकाशित झाला.

अनुशेषाचा प्रश्न

प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ मध्ये दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. जिल्हा हा एकक व राज्याची सरासरी हा निकष धरल्यामुळे मोजमापाची पद्धत हाच निधिवाटपाच्या वादाचा विषय बनला.

गोंदिया जिल्ह्यातील उदाहरणे

समितीच्या वेळी गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता; १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. एकक बदलले की सरासरीही बदलते, हे यावरून शिकवता येते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. मात्र जिल्ह्याच्या एका सरासरीतून गोंदिया शहर आणि देवरी, सालेकसा यांसारखे वनबहुल तालुके यांतील अंतर दिसत नाही.

धानाची आधारभूत किंमत हे अर्थशास्त्राचे उदाहरण होय. ती बाजारभावापेक्षा अधिक असल्यास केवळ घोषणा पुरत नाही. खरेदी केंद्रे, बारदाना, साठवण व वेळेवर चुकारे यांचीही तरतूद लागते. अन्यथा गरजू शेतकऱ्याला कमी भावात धान विकावे लागते.

माजी मालगुजारी तलावांजवळ धानाचे उत्पादन अधिक आढळले, तरी ते केवळ तलावामुळेच आहे असे सिद्ध होत नाही. तेथील जमीन मुळातच सखल व सुपीक असू शकते. सहसंबंध व कार्यकारणभाव यांतील हा भेद न ओळखल्यास दुरुस्तीचा निधी चुकीच्या ठिकाणी खर्च होण्याचा संभव असतो.