सरधना येथील चर्च
सरधना येथील चर्च : उत्तर प्रदेश राज्यातील एक प्रसिद्ध रोमन कॅथलिक प्रार्थनामंदिर. मीरतच्या वायव्येस सु. २० किमी.वरील सरधना या लहानशा शहरात ते उभे आहे. बेगम समरू (सु. १७५०–१८३६) या जहागीरदार स्त्रीने ते बांधविले. वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ सोंब्र (समरू) या यूरोपीय भाडोत्री सेनानीला सरधन्याची जहागीर मोगल दरबाराकडून मिळाली होती. १७७८ मध्ये तो आग्रा येथे मरण पावल्यावर फौज व जहागीर बेगमेकडे आली. मुसलमान म्हणून वाढलेल्या बेगमेने १७८१ मध्ये आग्रा येथे बाप्तिस्मा घेऊन जोॲना हे नाव धारण केले.

मराठ्यांच्या इतिहासाशी या घराण्याचा निकटचा संबंध आहे. असईच्या लढाईत (१८०३) बेगमेच्या पलटणी दौलतराव शिंदे यांच्या बाजूने हजर होत्या. त्याच वर्षी दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली, तेव्हा तिने लॉर्ड लेकशी जुळवून घेतले. १८०५ च्या कराराने जहागीर तिच्याकडे राहिली, परंतु केवळ तिच्या हयातीपुरती. चर्चच्या बांधणीचा विचार करताना ही अट नजरेआड करता येत नाही. जहागीर वारसास देता येणार नव्हती, वास्तू मात्र मागे ठेवता येत होती.

बांधकाम १८०९ च्या सुमारास सुरू झाले व १८२२ मध्ये पूर्ण झाले. त्यावर चार लाख रुपये खर्च झाल्याचे सांगतात. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. चर्चजवळची दोन तळी बांधकामासाठी माती काढल्यामुळे झाली, अशी समजूत आहे. आराखडा बेगमेच्या पदरी असलेल्या आंतोन्यो रेगेलीनी या इटालियन अधिकाऱ्याने केला. दर्शनी ओवरीत अठरा रुंद स्तंभ असून वर घुमट व दोन उंच मनोरे आहेत. वेदी पांढऱ्या संगमरवराची असून तीवर रंगीत खड्यांचे जडावकाम आहे. बाहेरून यूरोपीय धाटणीची ही वास्तू वेदीपाशी आग्र्याच्या कारागिरीशी नाते सांगते. शैलींच्या या सरमिसळीस काहींनी दोष दिला असला, तरी बेगमेच्या दरबाराचे स्वरूप पाहता ती स्वाभाविकच म्हणावी लागेल.

१८३४ मध्ये पोप सोळावा ग्रेगरी याने सरधना हे स्वतंत्र धर्मक्षेत्र करून जूल्यो चेझारे स्कोत्ती यास बिशप नेमले. त्यामुळे चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. हा मान अल्पकाळच टिकला. स्कोत्ती हाच सरधन्याचा पहिला व अखेरचा बिशप होय. २७ जानेवारी १८३६ रोजी बेगम निवर्तली आणि इंग्रजांनी जहागीर खालसा केली. चर्चसाठी तिने आधीच वेगळी रक्कम ठेवली होती.

बेगमेचे दफन चर्चमध्येच झाले. तिचा वारस डाइस सोंब्र याने कानोव्हाचा शिष्य आदामो तादोलीनी याच्याकडून रोममध्ये संगमरवरी स्मारक घडवून घेतले. त्यात सिंहासनस्थ बेगमेच्या हाती बादशाही फर्मानाची गुंडाळी असून भोवती डाइस सोंब्र, दिवाण रायसिंग, सेनानी इनायतुल्ला व बिशप यांच्या मूर्ती आहेत. इंग्रजांशी केलेला करार नव्हे, तर मोगलांचे फर्मान तिच्या हाती दाखविले आहे, हे लक्षणीय होय.

१९६१ मध्ये पोप तेविसावा जॉन याने या चर्चला लघु बॅसिलिकाचा दर्जा दिला. सांप्रत ते मीरतच्या धर्मप्रांतात मोडते. नोव्हेंबरमध्ये येथे मोठी यात्रा भरते. कृपामातेच्या दर्शनास ख्रिस्ती भाविकांप्रमाणेच इतर धर्मीयही येतात.