कुत्री, दूब आणि एक बादली पाणी

आमच्याकडे भंडाऱ्यात ‘लॉन’ म्हटलं की लग्नाची जागा आठवते. ‘अमक्या लॉनवर रिसेप्शन’ असं पत्रिकेत छापलेलं असतं, तिथे गवत असेलच असं नाही. अम्मीच्या तोंडी लॉन म्हणजे उन्हाळ्यात घालायचं तलम सुती कापड. माझ्या घरामागे मात्र पंधरा बाय वीस फुटांची हिरवळ आहे, आणि ती लॉन आहे हे घरात फक्त मलाच मान्य आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसात भिजलेली एक गावठी कुत्री तिथे आली आणि राहिली. मुलीने तिचं नाव राणी ठेवलं. पावसाळाभर काही दिसलं नाही. मार्च लागला तसे गवतावर ताटलीएवढे पिवळे डाग पडू लागले. प्रत्येक डागाभोवती गर्द हिरव्या गवताचं कडं! कुणी म्हणालं, कुत्र्याच्या मुतात गरमी असते. कुणी म्हणालं आम्ल असतं, टोमॅटोचा रस पाजा. अम्मीचा प्रश्न वेगळाच होता, “आता या गवतावर नमाज कशी पढायची?”

गवताच्या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्राच्या इतिहासात आहे. १७७३ साली इलेर रुएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मूत्रातून एक पदार्थ वेगळा काढला. पुढे १८२८ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश व्योलरने तोच पदार्थ प्रयोगशाळेत, कोणत्याही प्राण्याच्या मूत्रपिंडाशिवाय तयार केला. या पदार्थाचं नाव युरिया. ते नावही मूत्रावरूनच पडलेलं. आज कारखान्यात बनणाऱ्या युरियात ४६ टक्के नत्र असतं.

आता भंडारा हा धानाचा जिल्हा. युरिया म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तो बांधीत पाणी पाहून, मूठ मूठ फेकत जातो. पोतं फुटून धुऱ्यालगत एकाच जागी ढीग सांडला, तर तिथलं रोप जळतं आणि ढिगाच्या कडेचं धान मात्र काळंशार हिरवं होतं. माझ्या अंगणात हेच घडत होतं. मधे नत्र आणि क्षार जास्त, म्हणून जळकं. कडेला बेताचे, म्हणून हिरवं. आम्लाचा किंवा गरमीचा यात फारसा संबंध नाही. कुत्रा तंगडी वर करून खांबाला, झाडाला थोडं थोडं वाटत फिरतो. कुत्री बसून सगळं एका जागी सोडते. राणीचा गुन्हा एवढाच. आणि पावसाळ्यात डाग का दिसले नाहीत, तेही उघड आहे. पाऊस ते धुऊन मुरवत होता.

मुळात एकसारखी कापलेली हिरवळ हा हट्ट आपल्याकडचा नाहीच. इंग्लंडमध्ये गवत आधी विळ्याने कापत किंवा मेंढ्यांकडून चारून घेत. १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मोठी यंत्रं ओढणाऱ्या घोड्यांचे खूर गवतात रुतू नयेत म्हणून त्यांना चामड्याचे बूट घालत! साहेबाच्या बंगल्याबरोबर हा शौक आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी आला. मुघलांचा चारबाग म्हणजे पाण्याचे पाट, फळझाडं, फुलं आणि सावली. ताजमहालासमोर आज जी मोकळी हिरवळ दिसते, तिच्यावर १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या कर्झनच्या इंग्रजी आवडीची छाप आहे. आपण तिला मुघल बाग समजून फोटो काढतो.

गवत मात्र देशीच आहे. उर्दू-हिंदीतली दूब आणि मराठीतली दूर्वा हा एकच शब्द. आमची हरळी तीच. शेतकरी तिला तण म्हणून शिव्या देतो, कारण ती जमिनीवरून आणि जमिनीखालून धावत जाते. जास्त नत्राने दूब लवकर जळते, पण शेजारची धावती काडी दोन-तीन आठवड्यांत डाग भरायला लागते. फक्त ऊन हवं, आणि डागातले क्षार आधी धुतले गेले पाहिजेत.

आता अम्मीचा प्रश्न. मी मौलवी नाही, शिक्षक आहे. पण वाचून माहीत आहे ते सांगतो. शिकारीसाठी, गुरांसाठी आणि शेतीच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा हदीसमध्ये आहे. आमच्याकडे रानडुकरांपासून धान राखणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. अब्दुल्लाह इब्ने उमर यांची रिवायत बुखारीत आहे, की पैगंबरांच्या काळी कुत्री मशिदीत ये-जा करत आणि त्यासाठी कुणी पाणी शिंपडत नसे. हनफी फिकहप्रमाणे जमीन वाळली आणि खूण, वास उरला नाही की तिथे नमाज होते. आणि एक वाकया सगळ्यांना ठाऊक असतो. एक बदू मशिदीतच लघवीला बसला. लोक त्याच्यावर धावले. पैगंबरांनी त्यांना थांबवलं, त्याचं होऊ दिलं आणि मग त्या जागी एक बादली पाणी ओतायला सांगितलं.

गवतालाही तेवढंच लागतं. राणी उठली की लगेच त्या जागी पाणी ओतायचं, थेंबभर नाही, भरपूर. दुपारपर्यंत थांबलं आणि वर मे महिन्याचं ऊन असलं, की डाग पडलाच. गवत फार बारीक कापायचं नाही. तिच्या वावराच्या जागी वरून युरिया टाकायचा नाही, तो तिने दिलेलाच असतो. विष्ठा रोज उचलायची, तिला शेणखत समजू नये. तिच्यातल्या कृमींमुळे अनवाणी खेळणाऱ्या मुलांना त्रास होऊ शकतो. टोमॅटो, सोडा वगैरे कुत्र्याला पाजण्याच्या भानगडीत पडू नये, त्याने कुत्र्यालाच मुतखडा व्हायची भीती.

कुंपणाच्या कोपऱ्यात मी वैनगंगेच्या रेतीचा चार फुटांचा चौकोन केला. महिनाभर सकाळी तिला पट्टा लावून तिथेच नेलं. आता दहातल्या सात वेळा ती स्वतः जाते. उरलेल्या तीन वेळांसाठी मागच्या दाराशी भरलेली बादली असते. ती भरून ठेवायचं काम अम्मीने स्वतःकडे घेतलं आहे. चटई अजून ती फरशीवरच टाकते.