'धेंपो खाली गेला'

* रत्नागिरीच्या वाचकाला फुटबॉलपेक्षा कबड्डी जवळची, म्हणून हा खुलासा. लीगमध्ये 'खाली जाणे' म्हणजे नुसते हरणे नव्हे. हंगामभर प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळतो, एकदा घरच्या मैदानावर, एकदा परक्या. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1. तळाचा संघ खालच्या श्रेणीत उतरतो, तिथला अव्वल वर येतो. पण नियमाला पळवाटा असतातच. 2014-15 च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल लीग) 11 संघांत शेवटचा होता पुण्याचा भारत एफसी; नव्याने थेट प्रवेश मिळालेला असल्याने त्याला अभय होते. उतरला तो दहावा, गोव्याचा धेंपो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता! पुढच्याच हंगामात त्याने दुसरी श्रेणी जिंकून दाखवली, आणि वर न जाता 2016 मध्ये स्पर्धाच सोडली. साळगावकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लबही तेव्हाच बाहेर पडले. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) अव्वल मानून आय-लीगला दुय्यम ठरवण्याची योजना त्यांना मान्य नव्हती. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो 2024 मध्ये, तोवर तिसऱ्या पायरीवर गेलेल्या आय-लीग 2 मधून. – संपा.