मुक्का कुणाचा, बदनामी कुणाची

बीडजवळच्या पालीहून, बिंदुसरा धरणाच्या काठच्या गावातून आम्ही बोलतोय.

मागे आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा एक वेगळाच अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही. आमच्यातल्या एका ताईंना मुलीला बॉक्सिंग शिकवायचं होतं. हातमोजे, बूट आणि बीडला जाण्यायेण्याचं भाडं, एवढीच मागणी. क्षणभर सगळ्या गप्प झालो. मग कुणीतरी बोललं, "मुक्कामारी करणाऱ्या पोरीला करून कोण घेणार?" दुसरी म्हणाली, "हा गुंडांचा खेळ. चांगल्या घरातला नाही."

अर्ज पुढच्या बैठकीवर ठेवला. पण 'चांगल्या घरातला नाही' हे शब्द आमच्या डोक्यातून जाईनात, कारण आम्हाला ते आयुष्यभर ऐकावे लागले आहेत. मग या खेळाला हे नाव पडलं कसं, ते शोधायचं ठरवलं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

इंग्लंडमध्ये दोन-अडीचशे वर्षांपूर्वी उघड्या मुठींनी लढती व्हायच्या. कायद्याला त्या मान्य नव्हत्या, म्हणून गावाबाहेरच्या माळावर व्हायच्या. लढणारे कोण? खाटीक, कोळसा वाहणारे हमाल, नावाडी. आणि पैजा लावणारे? त्यात मोठमोठे उमराव असायचे. दात पडायचे हमालाचे, पैजेचा पैसा फिरायचा उमरावांच्या हातात, आणि रांगडा कोण ठरायचा? हमाल. पुढे १८६७ साली नियम छापले गेले. हातात मोजे, तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट विश्रांती, खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद. हे नियम लिहिले जॉन चेंबर्स नावाच्या माणसाने, पण नाव लागलं क्वीन्सबेरीच्या उमरावाचं. आजचं बॉक्सिंग त्याच नियमांवर उभं आहे.

अमेरिकेत तर गरिबीला कातडीच्या रंगाचीही जोड मिळाली. तिथले गोरे विजेते काळ्या खेळाडूशी लढायलाच नकार द्यायचे. जॅक जॉन्सन हा टेक्सासमधला, त्याचे आईवडील एकेकाळचे गुलाम. जगज्जेतेपदाची लढत मिळवायला त्याला थेट ऑस्ट्रेलियात जावं लागलं. १९०८ साली सिडनीला तो जिंकला आणि हेवीवेट गटाचा पहिला काळा जगज्जेता झाला. त्याला हरवण्यासाठी जेफ्रीज या निवृत्त गोऱ्या विजेत्याला परत आणलं. ४ जुलै १९१० रोजी जॉन्सनने त्यालाही हरवलं. त्या रात्री अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत दंगली झाल्या. माणसं मेली, त्यात बहुतेक काळीच होती. दोन वर्षांनी तिथल्या संसदेने अशा लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी घातली. १९१५ साली जॉन्सन हरला. त्यानंतर पुढच्या काळ्या खेळाडूला, जो लुईला, हे पद मिळायला १९३७ साल उजाडलं. मधल्या बावीस वर्षांत एकाही काळ्या माणसाला त्या पदासाठी लढूच दिलं नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकताना आम्हाला पुण्याचे पळवणकर बाळू आठवले. क्रिकेट तर साहेबांचा, सभ्य लोकांचा खेळ. पण चर्मकार समाजातल्या या थोर गोलंदाजाला मैदानावर चेंडू हातात मिळायचा आणि चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. खेळ सभ्य असला म्हणून माणसं सभ्य वागतातच असं नाही.

आपल्या मराठी घरांत बॉक्सिंग आलं ते बरंचसं पलटणीतून. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. मग पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता बायांचं ऐका. इंग्लंडमधल्या जेन काउच या बॉक्सरला तिथल्या मंडळाने व्यावसायिक लढतींचा परवाना नाकारला. कारणं काय दिली? त्यातलं एक होतं मासिक पाळी. म्हणे, पाळीमुळे बायका अस्थिर होतात. तिने दाद मागितली आणि १९९८ साली निकाल तिच्या बाजूने लागला.

हे वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत कुणी हसलं नाही. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला पाळीतही मोळी उचलावी लागते. खाडा झाला की दंड. त्यापायी कितीजणींनी गर्भपिशवी काढून टाकली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तेव्हा पाळीतली बाई कुणाला अस्थिर वाटत नाही. जिथे तिच्या कष्टाचा पैसा दुसऱ्याला मिळतो तिथे ती दणकट, आणि जिथे नाव तिचं होणार असतं तिथे ती नाजूक.

पुरुषांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये १९०४ सालीच आलं. महिलांचं आलं २०१२ साली. त्याच वर्षी मणिपूरच्या मेरी कोमने कांस्यपदक जिंकलं. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. ती बॉक्सिंग करते हे वडिलांना वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कळलं. त्यांनाही हीच धास्ती, पोरीचं लग्न कसं व्हायचं? लग्न झालं, जुळे मुलगे झाले, आणि त्यानंतर २००८ साली ती पुन्हा जगज्जेती झाली.

निजामाबादची निखत जरीन तर आपल्या शेजारचीच. १९५६पर्यंत बीड आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. मैदानावर बॉक्सिंगला एकही मुलगी दिसेना, तेव्हा तिने वडिलांना विचारलं, असं का? नातेवाइकांनी नावं ठेवली, वडील पाठीशी राहिले. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी ती जगज्जेती झाली. आपल्या महाराष्ट्रातही नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ साली युवा जगज्जेती झाली.

खेळात धोका नाही असं आम्ही म्हणत नाही. डोक्याला सतत मार बसला तर मेंदूला इजा होते, हे डॉक्टर सांगतात. पण धोका आणि बदनामी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला. कुस्तीत कान चेपतात, तर त्याला आपण पैलवानाची खूण म्हणतो. मग पोरीच्या नाकाचीच एवढी काळजी का?

पुढच्या बैठकीत अर्ज पुन्हा आला. या वेळी प्रश्न बदलले होते. शिकवणारं कोण आहे? डोक्याला संरक्षक टोप देतात का? मार लागला तर दवाखान्यात कोण नेणार? संध्याकाळी पोरगी परत कशी येणार? आणि शाळा सुटणार नाही ना? ताई स्वतः जाऊन सगळं पाहून आल्या होत्या. शेवटच्या एसटीची वेळसुद्धा त्यांनी लिहून आणली होती. कर्ज मंजूर झालं, हप्ता नेहमीसारखाच. दोघीजणींचं मन अजून मानत नव्हतं. त्यांनीही सही केली, पण पोरीला जवळ बोलावून "नाक सांभाळ गं बाई" असं बजावलं.

तुमच्या गटात असा अर्ज आला, तर खेळ कुणाच्या घरातला हे विचारू नका. पोर सुरक्षित राहील ना, तेवढं नीट विचारा. बाकी पोरीला ठरवू द्या.