कोणी, केव्हा, काय बदलले?

चाकणच्या एका कारखान्यात यंत्रभागाचे ड्रॉइंग पाहत होतो. कोपऱ्यात छोटासा तक्ता होता: दुरुस्तीचा क्रमांक, तारीख, काय बदलले, कोणी तपासले. एका भोकाचा व्यास तीनदा बदलला होता आणि तिन्ही वेळच्या सह्या तिथे होत्या. भाग एकमेकांत बसले नाहीत, तर चूक केव्हा शिरली ते यावरून शोधता येते.

चाकणहून आळंदी जवळच. ज्ञानेश्वरी १२९० सालची. हाताने नकला होत होत तिच्यात पाठभेद शिरले. १५८४ साली एकनाथांनी शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी भर घालू नये, असे बजावलेही. काम फार मोठे. पण कोणता शब्द का टाकला याची नोंद मागे राहिली नाही. त्यामुळे एकनाथपूर्व पाठ कसा होता, हा प्रश्न अभ्यासकांपुढे उरलाच.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२३ मध्ये विराटपर्वाची कच्ची आवृत्ती छापून विद्वानांचे अभिप्राय मागवले. १९२५ पासून प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुखटणकर. ते केंब्रिजला गणित शिकले होते. मला ते त्या तक्त्यांत दिसते. दर हस्तलिखिताला एक आडवी ओळ. शास्त्रीमंडळी अक्षर न् अक्षर ताडून पाहत आणि फरक त्या त्या अक्षराच्या जागी लिहीत. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंचांचा रकाना. लांबलचक भर असेल तर तिचे वेगळे ‘शोधपत्र’ जोडत. १९६६ साली पूर्ण झालेल्या या आवृत्तीत स्वीकारलेला श्लोक वर आणि इतर पाठ तळाशी आहेत. संपादकांचा निर्णय पटला नाही, तर वाचक पुरावा तपासू शकतो.

संगणकावर हे पुष्कळ उशिरा आले. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी आज्ञावलीच्या दर आवृत्तीतले फक्त फरक साठवणारी प्रणाली केली. २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांची ‘गिट’ आली. अशा प्रणालींवर लेखही तपासता येतो: बदललेल्या ओळी समोर, शेजारी सहकाऱ्याचा शेरा, आणि संमती मिळाली की बदल मूळ मजकुरात.

चौकटींच्या वहीवर हे वर्गात करता येईल. एक परिच्छेद सांगून पाच मुलांना लिहायला लावा. पहिल्या ओळीत मूळ वाक्य, दर चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येकाची एक ओळ, तिच्यात फक्त फरक. दोघांची एकच विचित्र चूक जुळली, तर कोणी कोणाचे पाहून लिहिले असावे याचाही अंदाज येतो!